उजवीकडून उघडलेला मंगळ

"थांबवा! अहो, तुम्ही पुस्तक मागून वाचताय!" आमचे जावईबापू पडवीतून ओरडले, तेव्हा मी गोष्टीतल्या मंगळावरच्या राक्षसाची शेपटी श्रीवर्धनपासून मांडव्यापर्यंत लांबवली होती आणि ती अजून संपली नव्हती. अंगणात सुपारी सोलणाऱ्या बायकांचे हात थांबले.

हात थांबले म्हणजे मी मेलो. सुपारीच्या दिवसांत सोलायला बायका मिळवणं मुलीला स्थळ मिळवण्यापेक्षा अवघड. शेजारच्या वाडीत त्यांना चहाबरोबर पाव मिळायचा. माझ्याकडे कोरा चहा आणि मंगळ. तरी येत होत्या, त्या मंगळासाठीच.

हे इंग्रजी चित्रांचं पुस्तक बोटीवर नोकरी केलेल्या शेजारच्या चाचांनी कुठल्याशा बंदरातल्या रद्दीतून आणलेलं. कव्हर गळून गेलेलं. चाचांनी त्याला शिडाचं कापड शिवलं आणि आपल्या उर्दू किताबांसारखं उजवीकडून उघडून माझ्या हातात दिलं. चाचांनी जग पाहिलेलं, मी कशाला शंका घेतो! इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं, पण अडलं कुठे? कोण काय बोलतोय ते मी ठरवायचो. हिरवी माणसं, तांब्याच्या आकाराचं यान, डोक्यावर काचेची बरणी घातलेला नायक. छपाई अशी की नायक एकीकडे आणि त्याचा लाल रंग दुसरीकडे. असल्या भिकार, अचाट चित्रांवरून नजर हटत नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

माझा नायक आधी आकाशात एका बाईच्या गळ्यात पडायचा, मग राक्षसाला झोपेतून उठवून त्याच्याशी भांडायचा, आणि शेवटच्या पानावर टाय लावून कचेरीत टेबलाशी बसायचा.

जावईबापू मुंबईत कॉलेज शिकलेले. त्यांनी पुस्तक घेतलं, डावीकडून उघडलं आणि कचेरीपासून आकाशातल्या बाईपर्यंत सगळं ओळीने समजावलं. बरोबरच सांगितलं, पण पाढे म्हटल्यासारखं. दोघींनी पदर झटकले. एकीने शेजारच्या वाडीकडे पाहिलं. मग सगळ्या बघू लागल्या सर्वांत थोरल्या मावशीकडे, कारण ती उठली की अंगण रिकामं.

मावशीने जावईबापूंना एवढंच विचारलं, की तुमच्या गोष्टीत तो कचेरीतून निघतो, तो परत येतो का?

"कधीच नाही," जावईबापू अभिमानाने म्हणाले.

मावशीने पुढची सुपारी उचलली.

"पगार सोडून गेलेल्याची गोष्ट न्हाय ऐकायची. भाऊ, तुमचीच चालू द्या."