चार बोटं उंच जीप

बल्लारपूरला एका लाकडाच्या ठेकेदाराकडं मी ड्रायव्हर होतो. गाड्यांची दुरुस्तीही माझ्याच अंगावर. लढाईनंतर लष्कराच्या लिलावात निघालेली एक जीप मालकानं घेतली. पोंभुर्ण्याकडच्या जंगलात त्याची लाकूडतोड चालायची, आणि त्या वाटेवर जीपचं पोट दर खेपेला दगडांना घासायचं. एकदा ती अडकली ती बैल जुंपूनच काढावी लागली. मालक म्हणाला, "हिले उंच कर. कसंही कर."

मोडीतल्या ट्रकचे कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगचे पाटे, आणले. लोहाराकडून कापून, तापवून त्यांना बाक दिला आणि चारही चाकांवरच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवला. जीप उभी राहिली, पण एका अंगाला कललेली. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, म्हणून ती बाजू दबायची. मग टाकी भरली, मागं रेतीची पोती टाकली आणि पाटे बसावेत म्हणून खराब रस्त्यानं फिरवून आणली. सपाट जागी लावून चाकाच्या मध्यापासून मडगार्डापर्यंत बांबूच्या कामटीनं माप घेतलं. दबलेल्या बाजूला आणखी एक पातळ पाटा घातला, आणि गाडीचं वजन चाकांवर असतानाच सगळे बोल्ट पुन्हा आवळले. हे किती वेळा केलं, आठवत नाही. शेवटी चारही कोपरे सारखे आले. जीप चार बोटं उंच झाली होती.

माझ्या बायकोचं माहेर त्याच रस्त्यावर, नाल्यापलीकडं. पहिल्या बाळंतपणाला ती तिथं गेली होती. दिवाळीच्या तोंडावर अवकाळी पाऊस पडला आणि नाल्याला पाणी आलं. दुपारी तिचा भाऊ चिखलानं माखलेला गॅरेजात आला.

"भाऊजी, बाई सकाळपासून अडली हाये. सुईण म्हणते चांद्याले दवाखान्यात न्या. बैलबंडी जुंपली, पण बंडीनं कवा पोचणार? दुसरी मोटार नाल्यातून निघत नाई. तुमची निघते."

त्याला फाटकाशी थांबवून मी मालकाच्या ओसरीवर गेलो. तो पान लावत होता. मी सांगितलं ते त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"आज?" तो म्हणाला. "संध्याकाळच्या रेल्वेनं नागपूरचे पाहुणे येऊन राह्यले. जीप धुतली ना तू?"

"धुतली, मालक. अंधार पडायच्या आत परत आणतो."

"अन् नाल्यात बंद पडली तर? पाहुण्यायले मी बंडीत बसवू का? बायका काय जीपमधीच बाळंत होतात? किल्ली दे इकडं."

मी किल्ली दिली. ती त्यानं सदऱ्याच्या खिशात टाकली आणि पानाला चुना लावू लागला.

आम्ही एका ट्रकवर बसून निघालो, पुढं पायी. दिवेलागणीला बंडी वाटेतच भेटली, नाला ओलांडून अलीकडं आलेली. बायको गवतावर पडली होती. सासूच्या मांडीवर लुगड्यात गुंडाळलेला मुलगा होता. तो रडलाच नव्हता. बायकोनं डोळे उघडून माझ्या मागं रस्त्याकडं पाहिलं.

"जीप नाई आणली?" तिनं विचारलं.

परत कामावर गेलो तेव्हा मालक चिडलेला होता. ऐन वेळी ड्रायव्हर नाही, जीप त्यालाच चालवावी लागली, पाहुण्यांसमोर फजिती झाली म्हणे. वर पाहुण्यांची तक्रार, की गाडी फार उंच, बायकांना चढता येत नाही, वळणावर पोटात ढवळतं.

"काढून टाक ते पाटे," तो म्हणाला. "पह्यल्यासारखी कर."

मी काढले. जीप खाली बसवली, चारही कोपरे मापून बरोबर केले, आणि त्याच दिवशी नोकरी सोडली.

त्यानंतर मालक बाजारात, लाकडाच्या डेपोत, सगळीकडं सांगत फिरला, "मले सांगतलं असतं तर जीप दिली नसती का? माणूस तोंडच उघडत नाई, त्याले मी काय करू?" लोकांना ते पटलं. एवढा मोठा माणूस बाळंतिणीला नाही कसा म्हणेल?

ते बोलणं सासरीही पोचलं, आणि फाटकाशी थांबलेल्या मेव्हण्यानं तर काहीच ऐकलं नव्हतं. एकदा जेवताना सासूनं विचारलं, "जावईबापू, तुमी मांगतली होती ना जीप? खरं सांगजा."

"मागितली होती," मी म्हणालो.

सासूनं मान हलवली, पण तिला पटलेलं दिसलं नाही. बायको चुलीपुढं बसली होती. तिनं माझ्याकडं न बघता ताटात भात वाढला.