शल्लालचा टँकर

कुठलीही वस्तू मेली आहे असं मानायला शल्लाल बिन मुतनी कधी तयार नसायचा. कूलर जळो, मिक्सर बंद पडो, इस्त्रीची तार उंदराने कुरतडो, तो ती वस्तू उलटी करायचा, कानाशी धरून हलवायचा आणि म्हणायचा, "हिच्यात अजून जीव आहे." जहरा शहराच्या कडेला, तैमा वस्तीत, पत्र्याच्या खोल्यांच्या ओळीत त्याचं घर होतं आणि दारापुढे अशा अर्धमेल्या वस्तूंचा ढीग. दुसऱ्याच्या दुकानात तो रोजावर कूलर दुरुस्त करायचा. स्वतःचं दुकान टाकायला परवाना लागतो, परवान्याला नागरिक क्रमांक लागतो, आणि नेमका तोच त्याच्याकडे नव्हता. अशा लोकांना कुवेतमध्ये बिदून म्हणतात, म्हणजे 'विना'. कशाविना, ते कुणी पुढे बोलत नाही.

तो क्रमांक का नव्हता, याची हकिगत साधी आहे आणि म्हणूनच ऐकणाऱ्याचा संताप होतो. शल्लालचा बाप मुतनी आणि चुलता दैदान हे सख्खे भाऊ, एकाच तंबूतले. आपली माणसं कोण याची सरकारने नोंद सुरू केली तेव्हा दैदान एका ट्रकच्या मागे बसून शहरात गेला, तीन दिवस उन्हात रांगेत उभा राहिला आणि नाव लिहून आला. मुतनी गेला नाही. त्याच्या दोन सांडण्या व्यायला आल्या होत्या. लोकांनी परोपरीने सांगितलं, तर हा म्हणतो, "मी कोण ते आख्ख्या वाळवंटाला ठाऊक आहे. माझा बाप कोण, आजा कोण, आमचे उंट कुठल्या विहिरीवर पाणी पितात, कुणालाही विचारा. कागद कशाला?" सांडण्या व्याल्या, नोंदवही मिटली. पुढे याच मुतनीने अठरा वर्षं फौजेचा पाण्याचा टँकर चालवला, आणि इराकशी लढाई संपल्यावर एके दिवशी त्याला सांगण्यात आलं की तू इथला नाहीस. त्याचा गणवेश इस्त्री करून पेटीत ठेवलेला होता. मुतनी मरेपर्यंत तो तसाच राहिला.

दैदानचा मुलगा सत्ताम. सरकारी नोकरी, हमरस्त्यापलीकडे दुमजली घर, दारात उंच जीप. सत्ताम वाईट नव्हता. वाईट असता तर शल्लालला त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. तो दर सणाला मेंढीचं मांस घेऊन यायचा, शल्लालच्या बायकोचं, नुवैरचं, बाळंतपण अडलं तेव्हा त्याने स्वतः गाडी काढली होती. शल्लालचा फोन सत्तामच्या नावावर, जुनी पिकअप सत्तामच्या नावावर, विजेचं मीटरसुद्धा त्याच्याच नावावर. स्वतःचं असं शल्लालकडे काय ते नावच उरलं होतं.

एका शुक्रवारी तो जुन्या बाजारातून रिमोटवर चालणारा एक खेळण्यातला ट्रक घेऊन आला. पुढचं एक चाक नाही, वरचं प्लास्टिक तडकलेलं, मोटार जळालेली. किंमत साडेतीन दिनार.

"पोरी तीन, तिघी आता लग्नाला आल्यात," नुवैर म्हणाली. "हे खेळणं कुणाला?"

"मला."

"पन्नाशीत?"

"लहानपणी राहून गेलं होतं."

"मग आता दूधही पाजते तुला बाटलीने."

तो हसला आणि ट्रक कानाशी धरून हलवला.

त्या हिवाळ्यात मुतलाच्या टेकडीखाली, जिथे लोक तंबू ठोकून थंडी साजरी करतात, एका क्लबाने अशा ट्रकांची शर्यत ठेवली होती. पोरांची नव्हे, मोठ्या बाप्यांची. अट अशी की गाडीवर एक लिटर पाणी घेऊन वाळूचा चढ आणि वरचे दगड पार करायचे; सांडलं तेवढे गुण कापणार. लोकांच्या गाड्या परदेशातून मागवलेल्या होत्या. एकेका चाकाच्या किमतीत शल्लालचं घर महिनाभर जेवलं असतं. शल्लालकडे होता तो दारापुढचा ढीग.

मग त्याने त्या ढिगालाच कामाला लावलं. स्वतःच्या ड्रिलची मोटार काढून ट्रकमध्ये घातली. फेकलेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून त्यातले चार्ज धरणारे घट एकेक तपासून निवडले आणि त्यांची एक बॅटरी बांधली. वाळूत एक चाक रुतलं की सगळा जोर त्याच मोकळ्या चाकात वाया जातो. म्हणून मागच्या डिफरन्शियलचे दाते त्याने चिकट लांबी भरून कायमचे जखडले, म्हणजे दोन्ही चाकं एकदमच फिरणार. टायरवाल्याकडून चाकं तोलायचे शिशाचे जुने तुकडे मागून आणले आणि पुढच्या चाकांच्या आतून चिकटवले, चढावर नाक वर उचललं जाऊ नये म्हणून. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून टायरवर आडव्या बसवल्या. सिग्नल घेणारी डबी वाळूपासून वाचवायला फुग्यात कोंबली. धक्के झेलणाऱ्या नळ्यांत नुवैरच्या शिवणयंत्राचं तेल.

"उशी कुणी फाडली?" एके सकाळी नुवैरने विचारलं.

"टायरला आतून स्पंज लागतो."

"आणि माझ्या मानेला काय लागतं?"

"तू शिसं घे. तेच उरलंय."

तिने चप्पल फेकली, पण दुसऱ्या दिवशी दुसरी उशी आपणहून काढून दिली.

वरचा सांगाडा मात्र त्याने कुठून उचलला नाही. तुपाच्या डब्याचा पत्रा कापून, ठोकून, डाख देऊन त्याने टँकर केला. बापाचा टँकर जसाच्या तसा, पिवळट मातकट रंगाचा, पुढे बसकं नाक, मागे नळ. टाकी बरोबर एक लिटरची. मुतनी सांगायचा, पाणी न्यायचं तर टाकी गळ्यापर्यंत भरावी नाहीतर रिकामी न्यावी. अर्धी टाकी चढावर पाणी मागे फेकते आणि गाडी उलटवते. बाकीचे लोक दीड-दोन लिटरच्या डब्यांत एक लिटर घालून येणार हे शल्लालला ठाऊक होतं. बापाकडून त्याला मिळालेली इस्टेट म्हणजे हे एक वाक्य.

त्याला ढाल नको होती, बक्षीसही नको होतं. त्याला एवढंच हवं होतं, की भोंग्यावरून, चार माणसांत, पुकारा व्हावा: शल्लाल बिन मुतनी. बापाच्या नावासकट. कुठल्याही वहीत नसलेलं ते नाव एकदा मोठ्याने ऐकायचं होतं.

फॉर्म भरायला गेला तर तिथेही नागरिक क्रमांकाचा रकाना. कारकुनाने त्याचं बिदूनांना मिळणारं कार्ड उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. उद्धटपणे नव्हे, अगदी नरमाईने. नरमाईचाच जास्त राग येतो.

सत्तामने लगेच तोड काढली. "माझ्या नावावर भरू. रिमोट माझ्या हातात राहील, तू शेजारी उभा राहून सांग. आणि जिंकलो ना, अबू मुतनी, की मी स्वतः माइक घेतो आणि सांगतो, गाडी माझ्या भावाची, शल्लाल बिन मुतनीची." शल्लालला मुलगा नव्हता, तरी पहिल्या मुलाला आजाचं नाव ठेवायचं म्हणून सगळे त्याला अबू मुतनीच म्हणत, म्हणजे मुतनीचा बाप.

सत्ताम गेल्यावर नुवैर म्हणाली, "लिहून घे त्याच्याकडून."

"भावाकडून लिहून घेऊ?"

"मग टँकरच्या दारावर तरी नाव रंगव. ब्रश आहे, रंग आहे."

"गाडी कुणी केली ते सगळ्यांना ठाऊक आहे."

नुवैर भाकरी थापता थापता थांबली. "तुझ्या बापानेही हेच म्हटलं होतं."

त्याला ते झोंबलं.  तरी दारावर नाव काही रंगवलं नाही.

शर्यतीच्या दिवशी वारा पडला होता, ऊन कोवळं होतं, तंबूंतून कॉफी आणि मांसाचा वास येत होता. पत्र्याचा टँकर पाहून लोक हसले. "हे तूप विकायला आलंय का?" कुणीतरी म्हणालं. शल्लालही हसला. मग एकेक महागडी गाडी चढाच्या मध्यावर गेली, डब्यातलं पाणी मागे उसळलं, नाक वर झालं आणि गाडी पाठीवर पडली. हसणं कमी होत गेलं.

टँकर निघाला तो एका चालीत अर्धा चढ गेला. तिथे वाळू मऊ होती, मागची चाकं घसरली आणि सत्तामने घाबरून रिमोटचा खटका शेवटपर्यंत दाबला. चाकं खाली उकरू लागली.

"सोड!" शल्लाल ओरडला. "जोर सोड, गाढवा! मागे घे! आपल्याच चाकोरीतून मागे... आता थांब. आता हळू. हळू म्हणतो ना! उजवीकडे, त्या दगडाला चिकटून!"

त्याचा आवाज अख्ख्या मैदानाने ऐकला. टँकर हातभर मागे आला, दाबल्या गेलेल्या वाळूवर त्याला पकड मिळाली आणि तो वर चढला, दगडांवरून डुलत डुलत गेला आणि माथ्यावर उभा राहिला. टाकीतलं पाणी मोजलं तर दोन घोट कमी भरलं. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या.  शल्लालच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याने ते डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने टिपलं.

भोंगा खरखरला. "पहिला क्रमांक, सत्ताम बिन दैदान!"

सत्ताम पुढे गेला. ढाल घेतली, माइक घेतला. शल्लालने रुमाल नीट केला, एक पाऊल पुढे टाकून उभा राहिला. एकदम पुकारलं तर तयार असावं म्हणून.

"देवाची कृपा," सत्ताम म्हणाला. आवाज कापत होता. इतक्या लोकांसमोर तो कधी बोललाच नव्हता. समोर त्याच्या कचेरीतले दोन साहेब बसले होते. "माझ्या वडिलांचा आशीर्वाद. सगळ्यांचे आभार. आणि... हां, आमच्या मेकॅनिकनेही पुष्कळ मेहनत घेतली."

"कुठला हो मेकॅनिक?" क्लबाच्या अध्यक्षाने हसत विचारलं. "आम्हालाही द्या की."

"घरचाच आहे," सत्ताम म्हणाला. लोक हसले, त्याने माइक परत दिला.

शल्लालने टाकलेलं पाऊल मागे घेतलं. शेजारचा एक माणूस त्याच्याकडे वळून म्हणाला, "उस्ताद, रोज काय घेता?" 

परतीच्या वाटेवर जीपमध्ये सत्ताम अखंड बोलत होता. टँकर शल्लालच्या मांडीवर होता. हमरस्ता ओलांडून वस्तीत वळताना सत्ताम म्हणाला, "माइकवर जरा गडबडच झाली, नाही? साहेब समोर होते. उगाच क्रमांकाचा, कार्डाचा विषय निघाला असता तर तुलाच त्रास. पण सगळ्यांना ठाऊक आहे रे."

"हो," शल्लाल म्हणाला. "सगळ्यांना ठाऊक आहे."

दोन दिवसांनी, दुपारच्या जेवणानंतर, सत्ताम पुन्हा आला. क्लबाच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट होतं, जिंकलेली गाडी त्यात वर्षभर ठेवायचा रिवाज. ठरल्याप्रमाणे तो टँकर न्यायला आला होता. सोबत मेंढीचं मांस.

"कपाटात पाटी लावतात का?" शल्लालने विचारलं.

"लावतात ना. पितळेची. तयारसुद्धा झाली."

"काय लिहिलंय?"

"माझं नाव. आणि खाली, घरगुती बनावट."

"कुणाच्या घरची?"

सत्तामने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो मनापासून हसला, त्यात कपट नव्हतं. "असं काय विचारतोस, अबू मुतनी? आपलं घर एकच ना?"

शल्लाल आत गेला आणि टँकर घेऊन आला. नुसता पत्रा आणि त्याखाली चार चाकं. मोटार, बॅटरी, फुग्यातली डबी, चाकांतलं शिसं, सगळं त्याने आदल्या दुपारी काढून घेतलं होतं. काढताना त्याने मनाशी ठरवलं होतं की सत्ताम गाडी उचलेल, हलकी लागेल, तो आत डोकावेल, आणि मग त्याला कळेल की गाडी खरी कुणाची. त्यानंतर काय होईल याचा विचार त्याने केला नव्हता. तेवढं कळलं असतं तरी पुरे होतं.

सत्तामने टँकर उचलला. तो एकदम वर आला. त्याने उलटा करून आत पाहिलं.

"अरे, हा तर रिकामा!"

"हो."

शल्लाल त्याच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. दारात नुवैर येऊन थांबली होती, तीही पाहत होती.

"बरं केलंस," सत्ताम म्हणाला. "ते कपाट तकलादू आहे, वजन पेललं नसतं. आणि काचेत काय, वरचंच दिसतं." त्याने टँकर जीपच्या पुढच्या सीटवर ठेवला, त्याला पट्टा लावला आणि हात हलवून निघून गेला.

 नुवैर मांस उचलून आत गेली. शल्लाल दारापुढच्या ढिगापाशी बसला आणि मोटार पुन्हा ड्रिलमध्ये बसवू लागला. उद्या दुकानात एका कूलरसाठी भिंतीला भोकं पाडायची होती. चार स्क्रू आवळले, कळ दाबली. ड्रिल फिरलं. सवयीने त्याने ते कानाशी धरलं, पण बोलला काहीच नाही.