काजळीखालची रेघ

हॅरल्ड मर्गाट्रॉइड नवंकोरं इंजिन विकत आणायचा आणि घरी नेऊन ते घाण करायचा. थॉर्नबेक गावात ही गोष्ट इतकी चघळून झाली होती, की नव्याने राहायला आलेल्या माणसालाही पहिल्या आठवड्यात कळायची.

इंजिन म्हणजे खेळण्यातल्या रुळांवर धावणारं, वीतभर लांबीचं. दुकानातून यायचं ते मऊ कागदात गुंडाळलेलं, आरशासारखं चकाकत. दुसरा कुणी ते काचेच्या कपाटात मांडून पाहुण्यांना दाखवेल. हॅरल्ड त्याच संध्याकाळी चाकू घेऊन बसायचा. साच्यातून अंगाला चिकटूनच आलेले प्लास्टिकचे दांडे तासून काढायचा आणि तिथे पितळी तार ओवायचा. इंजिनामागच्या पेटीतला खोटा कोळसा उपसून खरा कोळसा कुटून भरायचा. चिमणी उंच वाटली तर कापायची, बुटकी वाटली तर दुसऱ्या मोडक्या इंजिनाची आणून बसवायची. आणि एवढा जीव ओतून झाला, की वर काजळी. मग गंज, तेलाचा मेणचट थर, पाणी भरताना सांडून वाळलेले पांढरट ओघळ. शेजारच्या मिसेस टॉर्डॉफ म्हणायच्या, की ह्या माणसाला नवा शर्ट भेट द्या, आधी कोपर फाडेल आणि मगच घालेल.

हॅरल्डची उभी हयात गालिच्याच्या गिरणीत, रंगखात्यात गेली होती. त्याच्या मते काळा हा एक रंगच नव्हता, ते एक मोठं कुटुंब होतं. धुराचा काळा तपकिरीकडे झुकतो, तेलाचा निळ्याकडे, आणि यॉर्कशरच्या पावसात उभ्या राहिलेल्या इंजिनाचा काळा हा तर कुणाच्याच जवळ न जाणारा, फटकून राहणारा काळा. पबमध्ये हा विषय निघाला की लोक हळूच आपापले ग्लास उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे.

घरातली वरच्या मजल्यावरची मागची खोली इंजिनांच्या खोक्यांनी छतापर्यंत भरली होती. जुन्या बाजारातून, मेलेल्या माणसांच्या पोटमाळ्यांवरून, कुठून कुठून आणलेली. इंजिनाबद्दल बोलताना हॅरल्ड नेहमी 'ती' म्हणायचा. त्यामुळे त्याची बायको डोरीन त्या खोलीला जनानखाना म्हणे, आणि कुणी घरी आलं की सांगे, सवती वर आहेत, सगळ्या काळ्या आहेत आणि एकीलाही स्वयंपाक येत नाही.

दर गुरुवारी मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये असल्या छोट्या इंजिनांच्या वेड्यांचा क्लब भरायचा. तिथे हॉलभर लांब, छोट्या रुळांची आणि घरांची मांडणी होती ती थॉर्नबेकचीच. रेल्वेची ही शाखा बंद पडली त्याआधीच्या शेवटच्या उन्हाळ्यातलं थॉर्नबेक. स्टेशनच्या जागी आता सुपरमार्केटच्या गाड्या उभ्या राहतात. पण इथे ते स्टेशन होतं, त्याच्या फलाटावर दुधाचे कॅन होते, स्टेशनमास्तरच्या वाफ्यात डेलिया होते, आणि पुलाखालून गाडी येताना पाहिली की भलेभले तोंडातली बिस्किटं चावायची विसरत. ज्यांची आई त्याच फलाटावर निरोप द्यायला उभी राहिली होती, अशीही माणसं क्लबात होती.  नुसती मांडणीच्या कडेला हात टेकून उभी राहत.

ह्या सगळ्यात एकाच गोष्टीची उणीव होती. शेवटच्या उन्हाळ्यात ह्या शाखेवर जे छोटं इंजिन रोज ये-जा करायचं, ते अजून मांडणीवर नव्हतं. हॅरल्डने ते स्वतःसाठी राखून ठेवलं होतं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा त्याचा दंडकच होता. "आधी हात तयार होऊ दे," असं तो म्हणायचा. म्हणता म्हणता म्हातारा झाला. शेवटी गेल्या हिवाळ्यात त्याने जाहीर केलं, की ईस्टरच्या प्रदर्शनात ती धावेल.

ट्रेव्हर पिकर्सगिल हा क्लबातला सिग्नलवाला. लोकांना मोटार चालवायला शिकवण्यात त्याचा जन्म गेला होता, त्यामुळे दुसऱ्याची चूक होण्याआधीच त्याचा पाय ब्रेकवर असायचा. तो म्हणाला, "हॅरल्ड, कुठल्या सालच्या ईस्टरला ते पण सांग. मला मुलाच्या मुलाला निरोप ठेवून जाता येईल."

इंजिन उभं राहिलं. तारा, दांडे, पाइप, कोळसा, सगळं हॅरल्डच्या मनासारखं. राहिली फक्त रेघ.

ही रेघ म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलं. त्या काळ्या इंजिनांच्या बाजूंवर एक चौकट असे. लाल, साय-पांढरी आणि राखाडी अशा तीन रेघा एकमेकींना खेटून, कोपऱ्यांवर गोल वळलेल्या. वीतभर इंजिनावर त्या ओढायच्या म्हणजे प्रत्येक रेघ केसाहून बारीक. बाजारात तयार चिकटवायच्या रेघा मिळतात. क्लबातले बरेच जण त्या लावत, आणि हॅरल्ड त्यांना इतकी वर्षं 'स्टिकरवाले' म्हणत आला होता. ट्रेव्हरला तर तो तोंडावर म्हणायचा.

आणि आता हॅरल्डचा हात कापत होता.

पहिल्या दिवशी त्याला वाटलं थंडी आहे. दुसऱ्या वेळी वाटलं चहा जास्त झाला. मग त्याने उजवा हात डाव्याने धरून पाहिला, कोपर पुस्तकांच्या ढिगावर टेकवून पाहिलं, श्वास रोखून पाहिला. रेघ निघायची ती ओल्या भिंतीवरून गोगलगाय गेल्यासारखी. स्पिरिटच्या बोळ्याने तो ती पुसायचा आणि पुन्हा बसायचा. गुरुवारी क्लबात विचारलं तर रंग वाळतोय म्हणून सांगायचा. ट्रेव्हर म्हणाला, की एवढ्यात तर सिमेंट वाळून वर घर उभं राहतं.

हॅरल्ड हसला, पण घरी येताना बसमध्ये तो मनातल्या मनात हिशोब मांडत होता. रेघ जमत नसेल तर दोनच वाटा. स्टिकर लावायचे आणि हॉलभर माणसांनी ते भिंगातून बघायचे, किंवा ते इंजिन ट्रेव्हरच्या हातात द्यायचं आणि गुरुवारी घरी बसायचं. ह्या दोन्हींतली कुठली वाट कमी वाईट, हे काही त्याला ठरवता येईना. आणि हेही त्याला कळत होतं, की ज्या माणसाला रेघ ओढता येत नाही त्याने नवं इंजिन आणायचं तरी कशाला.

डोरीनला सगळं आधीच ठाऊक होतं. बशीत कप वाजतो तो बायकोला नवऱ्याच्या आधी ऐकू येतो. ती काही बोलली नाही, कारण त्या घरात वरच्या खोलीतल्या कामात बोलायचं नाही, असा लग्नापासूनचा रिवाज होता. पण एका दुपारी ती चहा घेऊन वर गेली, तेव्हा हॅरल्ड इंजिन मांडीवर घेऊन बसला होता. बोळाही हातात नव्हता. नुसता बसला होता.

तिने ट्रे खाली ठेवला.

"बाजूला हो," ती म्हणाली.

"डोरीन, हे काम तुझं नाही."

"हो का? मग तुझं तरी कुठे राहिलंय? हो बाजूला."

आता डोरीन कोण, हे गावातल्या नव्या पिढीला माहीत नाही. गावच्या जुन्या बेकरीत लग्नाच्या केकवरची साखरेची नक्षी डोरीन काढायची. कागदाच्या पुंगळीतून साखरेची बारीक धार सोडून ती हवेत अशी धरायची, की रेघ आधी अधांतरी लोंबे आणि मग आपणहून जागेवर जाऊन निजे. तीन मजली केकच्या कडेने ती जाळी फिरे आणि जिथे सुरू झाली नेमकी तिथे येऊन मिटे. थॉर्नबेकमधल्या अर्ध्या जोडप्यांची लग्नं तिच्या जाळीवर लागली होती. त्यातली काही मोडली, पण जाळी कुणाची मोडल्याचं ऐकिवात नाही. बेकरी बंद झाली, डोरीनच्या पुंगळ्या खणात गेल्या, आणि हॅरल्डच्या हे कधी डोक्यातच आलं नाही, की आपल्याच घरात, एक जिना खाली, असा हात भाजी चिरतोय.

तिने आधी रंग पाहिला. तो पातळ आहे म्हणाली. हॅरल्ड सांगायला लागला की हा रंग असाच असतो. तिने न ऐकता थोडा रंग बशीत काढून वाळू दिला, सुईने ढवळला, सुई वर उचलून थेंब कसा पडतो ते पाहिलं. थेंब पडेपर्यंत थांबली, पुन्हा ढवळला. मग बिस्किटाच्या डब्याचं झाकण उलटं करून त्यावर हॅरल्डच्या रंगाच्या पेनाने रेघा ओढत बसली. पहिल्या काही वाकड्या आल्या. पेन वेडंवाकडं धरतोस म्हणून तिने हॅरल्डलाच झापलं, आणि ते आपल्या पद्धतीने, पुंगळीसारखं, वरून धरलं.

मग तिने इंजिन जवळ ओढलं.

हॅरल्ड भिंतीला पाठ लावून उभा राहिला. खिडकीतून उजेड येत होता. डोरीनने श्वास सोडला आणि पुन्हा घेतलाच नाही, असं त्याला वाटलं. पेनाचं टोक इंजिनाच्या काळ्या अंगाला टेकलंय की नाही ते दिसत नव्हतं. फक्त त्याच्या मागे लाल रेघ येत होती, जणू ती आधीपासूनच तिथे होती आणि डोरीन वरचं झाकण तेवढं सरकवत होती. कोपरा आला. हॅरल्डचे कोपऱ्यावर नेहमी हाल व्हायचे. डोरीनने मनगट हलवलं नाही, तिने दुसऱ्या हाताने इंजिनच फिरवलं, केक फिरवतात तसं. रेघ वळली आणि पुढे गेली. फिरून पुन्हा सुरुवातीपाशी आली तेव्हा सांधा कुठे आहे, ते त्याला शोधूनही सापडलं नाही.

एवढ्या वर्षांत हॅरल्डने पुष्कळ चांगली कामं पाहिली होती. लंडनपर्यंतची प्रदर्शनं पाहिली होती. पण त्या दुपारी त्याला चर्चमध्ये काढावी तशी डोक्यावरची टोपी काढावीशी वाटली, आणि मग लक्षात आलं की टोपी घातलेलीच नाही.

"तोंड मीट," डोरीन म्हणाली. "आता पांढरा दे."

चौकटी पुऱ्या झाल्या. दोन्ही बाजू, मागची पेटी, सगळं. इंजिन असं दिसत होतं, की आता कारखान्यातून कुणीतरी ते आपलंच म्हणून न्यायला येईल. हॅरल्डने त्यावर काचेचं भांडं पालथं घातलं आणि तो रोज सकाळी उठून त्याकडे बघायला लागला. नुसताच बघायला. ईस्टर जवळ आला, तरी काजळीची डबी काही उघडली नाही.

शेवटी डोरीननेच विचारलं, ती घाण कधी करणार आहेस.

हॅरल्ड म्हणाला, की ह्यावर काजळी घालणं त्याच्याच्याने होणार नाही.

"त्या उन्हाळ्यातल्या फोटोत ती कशी आहे?"

"काळीकुट्ट. शेवटच्या वर्षात कुणी धूत नव्हतं."

"मग?"

"डोरीन, ही रेघ अशी पुन्हा कुणाला जमायची नाही."

डोरीन त्याच्यासमोर बसली. "हॅरल्ड, मी सजवलेला प्रत्येक केक त्याच संध्याकाळी कापला गेला. सुरी लागायच्या आधी कुणीतरी फोटो काढायचं, कधी तेही नाही. कापायचा नव्हता तर केला कशाला असता? तुझं इंजिन काळं होतं ना? मग कर काळं. माझी रेघ खाली आहे, एवढं मला माहीत आहे आणि तुला माहीत आहे. बाकीच्यांना काय, ती खायची आहे का?"

तेव्हा हॅरल्डने डबी उघडली. आणि एक विलक्षण गोष्ट घडली. काजळी लावताना त्याच्या हाताचं कापणं आड आलं नाही. उलट कुंचला थरथरला की काजळी आपोआप विखरून बसायची, कुठे दाट, कुठे विरळ, वाऱ्याने आणून टाकावी तशी. ओघळ कापत कापत खाली उतरायचे, पाणी उतरतं तसेच. इतकी वर्षं स्थिर हाताने जे साधायला तो धडपडला होता, ते कापऱ्या हाताने सहज येत होतं. रेघ काजळीखाली गेली. पण गेली नाहीही. ती आहे हे कळत होतं, धुक्यात कुंपण आहे हे कळतं तसं.

सगळ्यात शेवटी त्याने एक गोष्ट केली. त्या काळात इंजिन धुवायला माणसं नसली तरी नंबर वाचता यायला हवा, म्हणून कुणीतरी तेलाच्या फडक्याने तेवढाच नंबर पुसून ठेवायचं. हॅरल्डने कान पुसायच्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावलं आणि पेटीवरचा नंबर पुसला. पुसताना काडी थोडी पुढेच गेली. नंबरच्या शेजारी रेघेचा एक कोपरा उघडा पडला, लाल, पांढरा, राखाडी, स्वच्छ. तिथे तो थांबला.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल भरला होता. डोरीन नेहमीप्रमाणे चहाच्या टेबलामागे, किटल्या आणि स्कोन-बिस्किटांच्या राज्यात. मांडणीवर पुलाखालून छोटं इंजिन बाहेर आलं, दोन डबे ओढत, आणि फलाटाला लागलं.  मागच्या रांगेतला एक म्हातारा कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाला, "हीच ती." 

ट्रेव्हर खिशातलं भिंग काढून वाकला. डोळा रुळाच्या पातळीला आणून त्याने बराच वेळ त्या पुसलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं. हॅरल्ड नियंत्रणाच्या बटणावर बोट ठेवून उभा होता, आणि ते बोट कापत होतं, सगळ्यांना दिसेल असं. त्याने ते लपवलं नाही.

"स्टिकर नाही हा," ट्रेव्हर म्हणाला.

"नाही."

"तुझी रेघ पण नाही. तुझी रेघ कोपऱ्यावर जाड होते. मी इतकी वर्षं बोललो नाही, पण होते."

हॅरल्ड म्हणाला, "डोरीनने ओढली. मला आता येत नाही, ट्रेव्हर. हात चालत नाही."

ट्रेव्हर टोमणा मारेल म्हणून सगळे वाट बघत होते. त्याने भिंग खिशात घातलं, चहाच्या टेबलाशी गेला आणि रांग मोडून थेट डोरीनसमोर उभा राहिला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. पण त्याने तिच्या हातातली किटली काढून घेतली, स्वतः चहा ओतायला लागला, आणि तिला मांडणीकडे जायची खूण केली. मेथडिस्ट हॉलमध्ये पुरुषाने चहा ओतलेला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, असं मिसेस टॉर्डॉफ अजून सांगतात. तो चहा भिकार होता, हेही सांगतात.

डोरीनने ॲप्रनला हात पुसले. इतक्या प्रदर्शनांत ती मांडणीच्या अलीकडेच थांबायची. आज ती आत शिरली, लोकांनी वाट दिली, आणि ती ट्रेव्हर वाकला होता तिथेच वाकली. हॅरल्डने गाडी हळूच पुढे घेतली. समोर काळं इंजिन हलत होतं, डोंगराएवढं वाटावं असं, आणि त्याच्या अंगावर कुणीतरी फडक्याने पुसल्यासारखा तो उजळ कोपरा. डोरीन बराच वेळ सरळ झाली नाही. तिच्यामागे उभी असलेली माणसं आपोआप कुजबुजीवर आली.

मग ती उठली, आपल्या कमरेला हात लावून, आणि हॅरल्डच्या कानाशी येऊन म्हणाली, "पांढरी जरा जाड झालीय. तुझ्या पेनाने झालं ते. दुसरं पेन आण, आणि पुढची कोण आहे ती खोक्यातून काढून ठेव."

हॅरल्डने मान डोलावली. गाडी सुटायची वेळ झाली होती, त्याने बटण दाबलं.