आईला न मिळालेली चिठ्ठी

आईला लकवा मारला तेव्हा ती विड्या वळत बसली होती. डावा हात गळून सुपात पडला, तोंड वाकडं झालं. मी कॉलेजात होते. घरी आम्ही दोघीच.

पंधरा दिवसांनी सरकारी दवाखान्यातून सुट्टी मिळाली. तिथे मागच्या इमारतीत व्यायामाची खोली होती, पण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आत घेत नसत. मी चिठ्ठी मागितली. डॉक्टरनं आईकडे पाहिलंही नाही.

"चिठ्ठी वाया कशाला घालवू? ही आता खाटेवरच राहणार. घरी न्या."

आई सगळं ऐकत होती. तिचे कान शाबूत होते.

त्याच दिवशी मी ठरवलं, हिला या माणसाच्या टेबलापुढे चालवत आणायचं. माया होतीच, पण रोज पहाटे मला उठवायचा तो सूड.

कॉलेज सुटलं की मी त्या खोलीच्या खिडकीबाहेर उभी राहायची. रोग्याचा खांदा कसा धरतात, गुडघा कसा वाकवतात ते पाहायची आणि घरी तेच करायची. आई रडायची.

"काहून छळून राहिली वं मले?"

"त्या डॉक्टरले दाखवाचं हाय ना? उठ."

कधीकधी मी तिला फार जोरात ओढलं. ते आजही खुपतं.

दीड वर्षानं ती काठी टेकत, पाय फरफटवत त्याच्यापुढे उभी राहिली. त्यानं वर पाहिलं. "काय होतंय, बाई?"

त्याला ती आठवतही नव्हती. मी पिशवीतून तिच्या सुट्टीचा जुना कागद शोधू लागले. आईनं मात्र शेजारच्या स्ट्रेचरकडे मान वळवली. त्यावर लकवा झालेला एक म्हातारा होता. घरी न्यायचा कागद हातात घेऊन त्याची बायको रडत होती.

"मलेही असंच घरी धाडलं होतं तुम्ही," आई म्हणाली. "आता चालून आली. याची चिठ्ठी लिवा. तोवर मी हालत नाही."

रांगेतली माणसं जवळ सरकली. त्यानं मान खाली घालून चिठ्ठी लिहिली.

रिक्षात आई हसत होती. मला हसू आलं नाही. एका चिठ्ठीवर तो सुटला होता. आईची डावी मूठ शेवटपर्यंत उघडली नाही, विड्या पुन्हा वळता आल्या नाहीत. पहिल्याच महिन्यात ती त्या खोलीत गेली असती तर? मी त्याला माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.