विचारायचा राहिलेला प्रश्न

आमच्या दैनिकात तिला सगळे 'अर्जवाली' म्हणत. रस्ता खचो की दवाखान्यात औषध संपो, आम्ही फोन फिरवायचो आणि ही माहिती अधिकाराचा अर्ज टाकून मोकळी! "उत्तर येईपर्यंत बातमी शिळी होते गं," असं मी चिडवलं, की म्हणायची, "होऊ दे. सही-शिक्क्याची तर असेल!"

मग सत्ताधारी पक्ष फुटला. सरकार पडणार, तोच निवडणूक पुढे ढकलण्याचा ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचं जाहीर झालं. त्या दिवशी पत्रकारांना आत सोडलं नव्हतं. विरोधक म्हणत मतदान झालंच नाही, सभापती म्हणत झालं.

अर्जवालीने सभागृहाचं ध्वनिमुद्रण मागितलं. उत्तर आलं, यंत्र नादुरुस्त होतं. आम्ही हात टेकले. तिने दुसरा अर्ज टाकला: यंत्र बिघडलं कधी, दुरुस्त कुणी केलं? उत्तर आलं, बिघाडाची नोंद नाही. दोन्ही उत्तरं घेऊन ती अपिलात गेली. अपील ऐकणाऱ्या बाईंनी चष्मा वर केला आणि माहिती अधिकाऱ्याला म्हणाल्या, "एकदा काय ते ठरवा हो!" त्याला घाम फुटला. ध्वनिमुद्रण मिळालं.

ऑफिसात कलकलाट, म्हणून आम्ही जवळच तिच्या घरी पळालो. सासऱ्यांना ऐकू कमी येतं, पण तेही खुर्ची ओढून बसले. तिने आवाज पूर्ण मोठा केला.

"ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी 'होय' म्हणावं." होय, होयचा गलका. लगेच सभापती: "ठराव मंजूर!"

ती ताडकन उठली. "मागे घे! परत लाव!"

परत तेच.

"काय म्हणाला तो?" सासऱ्यांनी विचारलं.

"म्हणालाच नाही, बाबा!" ती त्यांच्या कानाशी ओरडली. "'नाही' कुणाचं, हे विचारलंच नाही!"

समोरच्या बिल्डिंगमधल्या खिडक्या उघडल्या. आम्ही खदाखदा हसत होतो. तिने मात्र तिथूनच सभापतींच्या कार्यालयाला फोन लावून त्यांचं म्हणणं विचारलं. "तांत्रिक बाब आहे," एवढं बोलून पलीकडच्याने फोन ठेवला.

बातमी छापून आली, ध्वनिमुद्रणही संकेतस्थळावर टाकलं. बसमध्ये, न्हाव्याकडे, जिथे तिथे तेच वाजत होतं. अखेर सभागृहाला पुन्हा बसावं लागलं, आणि या वेळी पत्रकारांची गॅलरी उघडी होती. दोन्ही बाजूंना विचारलं, हात मोजले. ठराव पडला.

तिने माझं मनगट इतकं आवळलं की मी ओरडलो. सभापतींनी वर बघून शांत राहायची ताकीद दिली. तोवर आम्ही जिन्याकडे धावलो होतो, संपादकांना आधी कोण सांगणार यावरून भांडत.