सीटबेल्टच्या टोकाला गाळ

मंडळी, आज परतूरला साडूभाऊंची जुनी कार पाहायला गेल्तो. म्हणले, "घरची गाडी हाय, डोळे झाकून घ्या."

माझ्यासोबतच्या मेकॅनिकनं सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्याला वाळलेला गाळ! म्हणजे गाडी पुरात बुडालेली. साडूभाऊंनी नजर चुकवली. असा राग आला! पण नातं पडलं.

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको, हातात हार-नारळ. त्यानं मलाच विचारलं, "दादा, तुम्ही पाह्यली ना? बराबर हाय का?"

साडूभाऊ शेजारीच उभे.

"गाडी चांगली हाय," मी म्हणलो. "आमाला मोठी पाहिजे."

बाईनं लगेच बोनेटवर हार ठेवला.

घरी आल्यापासून जेवण गेलं न्हाई. सांगा मंडळी, ती गाडी विकली कोणी? साडूभाऊंनी, का मी?