काकांची झाडं आणि माझं ग्रीन कार्ड

त्या माणसाचा मला आजही राग येतो. लोक म्हणतात, सोडून दे, वयस्कर आहेत, हेतू चांगला होता त्यांचा. हेतू चांगला होता हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तर राग जास्त येतो. वाईट हेतूच्या माणसाला निदान तोंडावर चार शिव्या तरी घालता येतात.

अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, मी या काकांच्या घराच्या तळघरात भाड्यानं राहायचो. खोली चांगली होती, बाथरूम वेगळं होतं, ऑफिस जवळ होतं आणि वर काकूंच्या हातचं जेवण होतं. काका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या क्वालिटी विभागातून रिटायर झालेले. जन्मभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्या, आणि आता चुका काढायला हाताशी मी सोडून कोणी उरलं नव्हतं. मुलगी कॅलिफोर्नियात. ती फोनवर "डॅड, स्टॉप" म्हणून मोकळी व्हायची. मी भाडेकरू, मला स्टॉप म्हणायची सोय नव्हती. मी ऑफिसात असताना ते माझ्या खोलीतला हीटर वाढवून ठेवायचे. माझ्या गाडीच्या चाकांतली हवा तपासायचे. साधं शिंकलो तरी दाराशी काढा यायचा, आणि तो प्यायलो की नाही हे बघायला पाठोपाठ काका यायचे. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली होती.

मग त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि कुणीतरी त्यांच्या डोक्यात गांजाचं तेल भरवलं. मिशिगनमध्ये घरात गांजाची थोडी झाडं लावायला कायद्यानं परवानगी आहे. दुकानातूनही तेल मिळतं, पण दुकानातल्या मालाची क्वालिटी कोण तपासणार? एका शनिवारी मी कपडे धुवायला गेलो तर माझ्या भिंतीपलीकडे, वॉशिंग मशीनच्या शेजारी, चंदेरी अस्तराचा एक तंबू उभा. आत दिवे, पंखा आणि चार कुंड्या.

आता माझी स्थिती सांगतो. मी एच-वन, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. ग्रीन कार्डाच्या रांगेत माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. त्या रांगेपायी नोकरी बदलली नाही, आजारी वडिलांना भेटायला जाणं दोनदा कॅन्सल केलं. आणि आत्ता कुठे नंबर लागला होता, इंटरव्ह्यूचं बोलावणं कधीही आलं असतं. मी माझ्या इमिग्रेशनच्या वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, राज्याचा कायदा काहीही म्हणो, इमिग्रेशन केंद्राच्या कायद्यानं चालतं आणि केंद्राच्या लेखी गांजा म्हणजे गांजाच. "डोंट टच इट. त्याबद्दल कुणाला टेक्स्टसुद्धा करू नका."

मी काकांना हे सगळं सांगितलं. "अरे, इट्स लीगल यार!" ते म्हणाले. "तू फार ओव्हरथिंक करतोस. झोप नीट होते ना तुझी?"

त्या झाडांचे त्यांनी जे हाल केले ते मला कपडे धुता धुता बघावे लागले. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, दुपारी पानांवर फवारा. खताच्या बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून थोडं जास्तच. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत कढीपत्त्याचं झाड होतं, मिशिगनच्या थंडीतही हिरवंगार. त्याला काकू अधूनमधून आंबट ताक घालायच्या. काकांनी तेच ताक गांजाला पाजलं. पानांची टोकं करपली, खालची पानं पिवळी पडली, बाकीची जड होऊन खाली लोंबायला लागली. मातीला आंबूस वास सुटला आणि बारीक चिलटं माझ्या खोलीपर्यंत आली. झाडं सुकताहेत असं वाटून काका आणखी पाणी घालायचे. दर तासाला तंबूची चेन उघडून पानं चाचपायचे. एकदा तर मुळं बघायला झाड उपटून परत लावलं.

"अति तिथं माती," काकू वरून ओरडायच्या. "माझ्या कढीपत्त्याकडे मी आठवडा आठवडा बघत नाही."

"तुझं नशीब आहे," काका म्हणायचे. त्यांच्या मते त्यात नशिबाचा भाग होता, अकलेचा नव्हता.

आणि मला गांजाच्या वासाची धास्ती. ऑफिसात लिफ्टमध्ये कुणी नाक ओढलं तरी मी पुढच्याच मजल्यावर उतरायचो. शर्ट मी गाडीत बदलायला लागलो. एका शहाण्यासुरत्या माणसावर, टॅक्स वेळेवर भरणाऱ्या माणसावर ही वेळ यावी याचा मला मनस्वी संताप यायचा. इंटरव्ह्यूची तारीख हातात नव्हती म्हणून मी घर बदलायचं पुढे ढकलत होतो.

डिसेंबरात काका-काकू पुतण्याच्या लग्नाला पुण्याला निघाले. जायच्या दिवशी काकांनी कुंड्यांत खालून पाणी वाहीपर्यंत पाणी ओतलं आणि माझ्या हातात झारी दिली. रोज एवढं पाणी, एवढा फवारा, पानांशी जरा बोललास तरी चालेल.

मी झारी खाली ठेवली. "काका, मी हात लावणार नाही. तुम्हाला सांगितलंय."

"बरं बरं," ते हसले. एखाद्या मुलानं भाजी खाणार नाही म्हटल्यावर आपण हसतो तसे.

मी हात लावला नाही. तंबूची चेनसुद्धा उघडली नाही. दिवे टायमरवर होते, ते आपोआप लागायचे आणि विझायचे. पुण्याहून काकांचे फोन आले की मी लग्न कसं झालं, जेवण काय होतं, हे विचारायचो. झाडं मेली तर मेली. खरं सांगायचं तर मेली असती तर मी पेढे वाटले असते.

काका दोनेक आठवड्यांनी आले आणि बूट न काढता तडक खाली गेले. त्यांची आरोळी ऐकून मला वाटलं, मेली एकदाची. गेलो तर काका डोळे पुसताहेत. त्यांच्या तावडीतून सुटल्यावर माती वाळली होती, चिलटं गेली होती आणि झाडं ताठ उभी राहिली होती, शेंड्याशेंड्याला नवी हिरवी पानं. काकांनी मला मिठी मारली.

"हातगुण! याला म्हणतात हातगुण!"

"काका, मी काहीच केलेलं नाही."

"ग्रेट लोक असंच बोलतात," ते काकूंना म्हणाले.

संक्रांतीला त्यांच्याकडे तिळगुळाचा कार्यक्रम होता. ट्रॉयमधली निम्मी मराठी मंडळी आली असावी, माझ्या ऑफिसातले दोघे होते. जेवणं झाल्यावर काका सगळ्यांना घेऊन माझ्या खोलीतून, माझ्या अंथरुणाला वळसा घालून, तंबूपाशी गेले. मला हाताला धरून पुढे ओढलं, तंबूसमोर उभं केलं आणि खांद्यावर हात टाकला. समोर काकूंची एक मैत्रीण व्हिडिओ काढत होती.

"हे सगळं याचं," काका म्हणाले. "माझी मरायला टेकलेली झाडं यानं जगवली. असा हातगुण मी बघितला नाही."

"मी झाडांना हात लावलेला नाही," मी मोठ्यानं म्हणालो. "पाणीसुद्धा घातलेलं नाही."

सगळे कौतुकानं हसले. "किती मॉडेस्ट आहे रे," एक काकू म्हणाल्या आणि माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. मी खरोखरच कपाटात गांजा दडवला असता तर ते कुणाला कळलं नसतं. मी काही केलं नव्हतं, आणि ते खरं मानायला त्या खोलीत एकही माणूस तयार नव्हता.

तासाभरात तो व्हिडिओ मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होता, खाली माझं पूर्ण नाव आणि फुलांचे गुच्छ. मी वर गेलो आणि भरल्या घरात ओरडलो. डिलीट करा, आत्ताच्या आत्ता. माझी इतकी वर्षं तुम्ही तुमच्या हौसेपायी चुलीत घालताय. तुम्हाला दहा वेळा सांगितलं, तुमचे कान कुठे गेले? तिळगूळ घेऊन गोड बोलायच्या दिवशी मी जे जे बोललो त्यातलं एक अक्षर मला परत घ्यायचं नाही.

काकांचा चेहरा उतरला. व्हिडिओ त्यांनी ग्रुपवरून काढून टाकायला लावला, पण म्हणाले, "ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं." मंडळी कोट शोधायला लागली.

त्याच आठवड्यात इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. मी घर शोधलं, मिळेल ते घेतलं. जायच्या दिवशी काकूंनी डबे भरून दिले. त्या दारापर्यंत आल्या. सामान गाडीत काका भरत होते. मी खोकी उचलायला गेलो की, "तू राहू दे, तुझी कंबर धरेल." भांडण होऊनही त्यांची काळजी थांबली नव्हती. पाऊस पडून गेला तरी पन्हळ गळत राहते, तसं.

नव्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये मी डिकी उघडली. वास आला, आणि क्षणभर मला तो माझ्याच कपड्यांचा वाटला. पांघरुणांमागे एक खोकं होतं, त्याला हवेसाठी भोकं पाडलेली. आत कुंडी, कडेनं जुना टॉवेल लावून घट्ट बसवलेली. चारांतलं सगळ्यात चांगलं झाड त्यांनी मला दिलं होतं.

फोन वाजला.

"पोचलास? बघितलंस का सरप्राइज? आता राग सोड. आणि ऐक, रोज पाणी घालू नकोस. माती वाळली की मगच. मी तुझ्याकडूनच शिकलो बघ, फार मागे लागायचं नाही, त्याला त्याचं जगू द्यायचं."

"काका," मी म्हणालो, "मला कधी जगू देणार?"

पलीकडे काकांना ते ऐकू आलं की नाही, कोण जाणे. ते खताबद्दल सांगत होते. मी फोन बंद केला. इंटरव्ह्यू चार दिवसांवर होता. आजूबाजूला बघितलं आणि त्या झाडाला पहिल्यांदा हात लावला. बुंध्याला धरून उपटलं. मुळं पांढरीशुभ्र होती, माती मोकळी होती, तिला आंबूस वासही नव्हता. या वेळी काकांनी झाड अगदी नीट सांभाळलं होतं. मी ते मोडलं, कचऱ्याच्या पेटीत खाली दाबलं आणि हात धुवायला वर गेलो.